नवव्या प्रकरणातली शंका

पुस्तक तिनं काउंटरवर ठेवलं खरं, पण त्यावरचा हात काही उचलला नाही. पलीकडचे काका थोडा वेळ वाट बघत राहिले. मग त्यांनी एक अर्ज तिच्यापुढं सरकवला. अर्ज भरायला हात लागतोच, त्यामुळे तिला तो पुस्तकावरून काढावा लागला.

कॉलेजच्या वाचनालयातल्या राखीव विभागाच्या या काकांना विद्यार्थी ‘दोनतास’ म्हणत. शिक्षकांनी नेमून दिलेली पुस्तकं त्यांच्या मागच्या कपाटात असत आणि ती दोन तासांसाठीच मिळत, तीही तिथंच बसून वाचायला. दोन तासांवर एक मिनिट झालं की काका टेबलाशी येऊन उभे राहत. बोलत काही नसत. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं, असं विद्यार्थ्यांचं मत होतं.

“तुमची स्वतःची प्रत आहे?” त्यांनी विचारलं.

“हो. वाचनालयाची हरवली. दुकानात मिळत नाही, आणि वर्गात बत्तीस जण आहेत.”

झेरॉक्स काढून ठेवता येईल का, असंही तिनं विचारून पाहिलं. एखाद्या प्रकरणाची येईल, अख्ख्या पुस्तकाची नाही, असं काकांनी सांगितलं. शिकवणाऱ्यानं आपली प्रत सत्रापुरती द्यायची, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी लागेल, सत्र संपलं की चिठ्ठी काढून पुस्तक ज्याचं त्याला परत. एवढं सांगून त्यांनी पुस्तक उघडलं, दहाबारा पानं उलटली आणि भुवया वर केल्या. बहुतेक प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. अर्जातल्या ‘पुस्तकाची स्थिती’ या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात नोंद केली: समासात पेन्सिलीच्या खुणा, काही पानांवर तेलाचे डाग.

“खाली दोन चौकोन आहेत,” ते म्हणाले. “वाचून खूण करा.”

तास सुरू व्हायला चार मिनिटं होती आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. तिनं दोन्ही चौकोनांत फटाफट खुणा केल्या, खाली सही ठोकली आणि जिन्याकडे धाव घेतली. वाचण्याचं तिला सुचलंसुद्धा नाही.

नद्यांवरचं ते जुनं क्रमिक पुस्तक तिच्या कॉलेजच्या दिवसांतलं. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आली तेव्हा ते घरीच राहिलं होतं. घरी म्हणजे वडिलांकडे. वडील शिलाई मशीन दुरुस्त करत. खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची कुपी आणि हत्यारं, कानावर पेन्सिल, अशी त्यांची पायपीट तिनं लहानपणापासून पाहिली होती. पुढं गुडघे बोलायला लागले, तशी लोकं मशीनच त्यांच्याकडे आणू लागली. मग दोन मशीनच्या मध्ये रिकामा वेळ उरायचा. त्या वेळात सातवी शिकलेल्या या माणसानं मुलीचं पुस्तक वाचायला घेतलं. आपली लेक दिवसभर पोरांना सांगते तरी काय, ते बघावं म्हणून, असं नंतर शेजारच्या मावशींनी तिला सांगितलं. वाचता वाचता अडलं की ते समासात शंका लिहीत आणि शेवटी एकच शब्द टाकत, ‘विचारणे’.

विचारायला ते बघतही. दर रविवारी सकाळी अकराला ती फोन करी. तब्येत, औषधं, पाऊसपाणी झालं की ते म्हणत, “एक विचारायचं होतं.” आणि ती म्हणे, “बाबा, पुढच्या वेळी.” कधी पेपर तपासायचे असत, कधी गॅसवर दूध असे, कधी दारात कोणीतरी आलेलं असे. खरं तर तिच्या दारात कोणी येत नव्हतं. तरी वडील “असू दे, असू दे” म्हणून फोन ठेवत. त्यांना काय विचारायचंय याचा तिनं कधी विचारच केला नाही. एखादं बिल असेल, नळाची तक्रार असेल. मग एका बुधवारी ते गेले.

घर आवरताना बॉबिनच्या डब्याखाली तिला ते पुस्तक सापडलं. सहाव्या पानावर पहिली शंका होती: ‘उगमाशी नदी एवढीशी, तर ती मोठी कोणाच्या जिवावर होते? विचारणे.’ गाठोड्यांच्या पसाऱ्यात बसून तिनं त्या शंकेचं उत्तर मोठ्यानं दिलं. समोर कोणी नव्हतं. उपनद्या, ओढे, डोंगरउतार, सगळं नीट समजावून सांगितलं आणि मग ढसाढसा रडली.

त्यानंतर दोन वर्षं तिचा एक नेम झाला. रविवारी अकराला पुस्तक उघडायचं, एक शंका वाचायची, तिचं उत्तर द्यायचं आणि पुस्तक मिटायचं. एकच. पुढचं पान चुकूनही उलटायचं नाही. आतापर्यंत ती पाचव्या प्रकरणाच्या शेवटाशी आली होती. पुस्तकाची प्रकरणं अकरा. सगळी संपली की काय करायचं, हा विचार तिला नकोसा वाटे, म्हणून ती जपून जपून चालली होती. पानांचे फोटो काढून ठेवावेत असं तिच्या मनात येऊन गेलं होतं, पण फोटो काढायचे तर सगळं एकदमच डोळ्यांखालून गेलं असतं. आणि पोरांना परीक्षेला तेच पुस्तक लागणार होतं. घरात एक प्रत असताना ती दडवून ठेवायची, हे तिला जमणारं नव्हतं.

ते सत्र तिला फार मोठं गेलं. रविवारी वाचनालय बंद. अकरा वाजले की ती चहाचा कप घेऊन खुर्चीत बसे आणि मग उठून पडदे धुवायला काढी. चार महिन्यांत पडदे इतक्या वेळा धुतले गेले की त्या इमारतीत तिच्याइतके स्वच्छ पडदे कोणाचेच नव्हते. ते बघायलाही कोणी येत नव्हतं, हा भाग वेगळा.

एकदा राखीव विभागावरून जाताना तिनं काचेतून आत पाहिलं. दोन मुली डोक्याला डोकं लावून तिचंच पुस्तक वाचत होत्या. एकीनं समासावर बोट ठेवलं आणि दोघी हसल्या. चेष्टेचं हसू नव्हतं ते, एखाद्यानं मनातलं बोलावं तसं होतं. पानं बरीच पुढची होती, सातवं किंवा आठवं प्रकरण असावं. आपल्याआधी त्यांनी वाचलं, या विचारानं तिला असा हेवा वाटला की ती जिन्यात थांबून राहिली. त्यातलीच एक मुलगी पुढच्या आठवड्यात वर्गात म्हणाली, मॅडम, समासात लिहिणारे कोण आहेत, फार छान विचारतात ते. “आहेत एक वाचक,” असं म्हणून ती फळ्याकडे वळली. माझे वडील, एवढे दोन शब्द आपल्या तोंडातून का निघाले नाहीत, म्हणून ती दिवसभर स्वतःवर चिडून होती.

परीक्षा झाल्या. शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ती पुस्तक न्यायला आली तेव्हा वाचनकक्ष रिकामा होता. काकांनी तिला बघताच कपाट उघडलं. पुस्तकाला त्यांनी खाकी कागदाचं नवं कव्हर घातलं होतं. ते काउंटरवर ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या वर्षांत कोणी पाहिली नसेल अशी, थोडी ऐट होती.

“चार दिवस लागले,” ते म्हणाले. “मऊ रबर वापरलं, कागद कुठं खरवडला नाही. मुलांनीही मध्ये मध्ये लिहून ठेवलं होतं, तेही काढलं. तेलाचे डाग मात्र निघाले नाहीत. पावडर लावून पाहिली.”

तिला ते काय म्हणतायत ते क्षणभर कळलंच नाही. तिनं पुस्तक उघडलं. सहाव्या पानाचा समास कोरा होता. दहावं पान कोरं. तिनं पानं भराभर उलटली, सहावं प्रकरण, आठवं, दहावं. सगळीकडे स्वच्छ, पांढरा समास आणि कुठं कुठं वडिलांच्या अंगठ्याएवढा तेलाचा पिवळट डाग.

“काही राहिलं का?” काकांनी विचारलं.

तिनं मान हलवली. तिचा चेहरा बघून त्यांची ऐट उतरली. ते लगबगीनं फाईल घेऊन आले, तिचा अर्ज काढला आणि दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. ‘सत्र संपल्यावर पानांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडून पुस्तक परत करावे.’ चौकोनात खूण होती, तिरकी, घाईची, तिचीच.

“वाचून खूण करा म्हटलं होतं मी,” ते हळू आवाजात म्हणाले. आपलं चुकलं नाही असं कोणीतरी सांगावं, अशा सुरात.

“म्हटलं होतंत. मीच वाचलं नाही.” ती काउंटरजवळच्या स्टुलावर बसली. “माझ्या वडिलांचं अक्षर होतं ते, काका.”

“मग त्यांनाच सांगून पुन्हा…” काकांनी सुरुवात केली आणि तिच्याकडे बघून वाक्य तिथंच सोडलं.

थोड्या वेळानं त्यांनी पुस्तक उचललं, खिडकीशी नेलं आणि एक पान उजेडात तिरकं धरून पाहिलं. मग दुसरं. पेन्सिलीनं दाबून लिहिलेलं असलं तर कागदावर वण राहतो, खोडलं तरी वाचता येतं, हे त्यांना धंद्यातलं म्हणून ठाऊक होतं. पण वडिलांचा हात हलका होता. बारीक सुया आणि बारीक स्क्रू यांत गेलेला तो हात कशावरच जोर देत नसे. काकांनी पाचसहा पानं पाहिली आणि पुस्तक परत आणून ठेवलं.

ती रडली नाही. तिला एवढंच कळत होतं की सहा प्रकरणांत वडिलांना तिला काहीतरी विचारायचं होतं, आणि ते काय होतं हे आता तिला कधीही कळणार नव्हतं. ते हयात असतानाही तिनं ऐकलं नव्हतं आणि आता लिहून ठेवलेलंही तिनं स्वतःच्या सहीनं पुसून टाकलं होतं.

काका समोरच्या खुर्चीत बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला.

“खोडताना वाचलं जातं, मॅडम,” ते म्हणाले. “वाचायचं नसतं खरं तर. पण दिवसभर इथं माझ्याशी दुसरं कोण बोलतं.”

तिनं वर पाहिलं.

“सगळं ध्यानात नाही, खोटं कशाला सांगू. एक मात्र आहे. नवव्या प्रकरणातलं.” ते आठवत आठवत, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं बोलू लागले. “नदी वाट बदलते आणि जुनं पात्र मागं राहतं, असं आहे ना तिथं? त्याच्या बाजूला लिहिलं होतं, नदी तर पुढं गेली, मग जुन्या पात्रातल्या पाण्यानं काय करायचं? विचारणे.” ते थांबले. “आणि पुढं कंसात होतं, तिला सवड असेल तेव्हा.”

वाचनकक्षात पंखा फिरत होता. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. काका कपाटाकडे बघत बसले.

“ते मी सगळ्यात शेवटी खोडलं,” मग ते म्हणाले. “मला वाटलं, उत्तर पुढं असेल म्हणून दोन पानं वाचली. नाही त्यात. मलाही तो प्रश्न पडून राहिलाय.”

पावणेपाच झाले होते. या वेळी काका खिडक्या लावायला उठत. आज ते उठले नाहीत. तिनं चेहरा पुसला, काउंटरवरची पेन्सिल घेतली आणि आपला अर्ज उलटा करून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर एक वळणावळणाची रेघ काढली. अर्ज फायलीला लावायचा होता, पण काकांनी तिला अडवलं नाही. एका मोठ्या वळणाशी तिनं रेघ सरळ पुढं नेली, आणि ते वळण बाजूला तसंच राहू दिलं.

“पाणी लगेच कुठं जात नाही,” ती म्हणाली. “बरीच वर्षं तिथंच असतं.”

काकांनी खुर्ची पुढं ओढून घेतली आणि कागदावर वाकले.

“सावकाश सांगा,” ते म्हणाले.