मळणीयंत्राचा माणूस

गावात तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. फाटकं, खिडक्यांचे गज, ट्रॉलीचे तुटलेले दांडे, लोखंडाचं काहीही असलं की लोक तिच्याच शेडवर येत. वेल्डिंग ती मामाकडे शिकली होती. मधे लग्न करून गेली आणि काही महिन्यांत परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. आई त्याआधीच गेली होती. बाबांचा उजवा हात कोपरापासून नव्हता. ते दिवसभर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि नवं गिऱ्हाईक आलं की म्हणत, "जरा थांबा, आमचा उजवा हात आत काम करतोय." गिऱ्हाईक हसलं की बाबांचा दिवस बरा जाई.

धाकटा भाऊ शहरात शिल्पकला शिकला आणि तिकडेच राहिला. त्या वर्षी गावाबाहेरच्या कापणी झालेल्या शेतात मोठा कला महोत्सव भरणार होता आणि भंगारातून शिल्प घडवायला त्याला बोलावणं आलं. आल्या आल्या त्याने शेड पालथी घातली. मग मागच्या बाजूला गेला आणि पत्र्याखाली झाकलेलं जुनं मळणीयंत्र त्याला सापडलं.

"ताई, मला हे हवंय."

तिने हातातला ग्राइंडर बंद केला. "ते सोडून काहीही घे."

"बाबांना विचारलं मी. हो म्हणाले."

तिचा विश्वास बसेना. हात गेला त्या दिवसापासून बाबा शेडच्या मागे फिरकले नव्हते, आणि भंगारवाल्यालाही त्यांनी ते यंत्र कधी नेऊ दिलं नव्हतं. ती दारात जाऊन उभी राहिली. बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, "नेऊ दे. नुसतं गंजतंय. त्याच्या तरी कामी येईल."

मग दोघं भावंडं कामाला लागली. तो खडूने फरशीवर आकृती काढायचा, ती पत्रा कापायची, टाके मारायची, जोड पक्का करायची. एकदा त्याने चष्मा न लावता ठिणगीकडे बघितलं आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा विव्हळत राहिला. सकाळी ती म्हणाली, "कलाकार, आता तरी माझं ऐकशील?" तो लाल डोळ्यांनी हसला. तिला ते दिवस आवडले. शेडमध्ये तिच्या बरोबरीने खपणारं माणूस तिला आजवर मिळालंच नव्हतं.

यंत्राच्या ढोलाची छाती झाली. दाते तसेच बाहेर ठेवले. चाळण्यांची पाठ झाली. डाव्या खांद्यातून लांबलचक हात निघाला, उजव्या खांद्याला मात्र त्याने पट्ट्याचं चाक जोडायला लावलं आणि तिथेच थांबला. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"हे बाबा आहेत?"

"तुला काय वाटतं?"

"बाबा एवढे उंच नाहीत."

"शिल्पात असतात," तो म्हणाला.

ती आतून हलली. कारण हात गेला त्या दिवशी काय झालं ते जगात दोनच माणसांना माहीत होतं. मळणी चालली होती, आई पाणी आणायला गेली होती आणि धाकटा घरात पाळण्यात होता. ती नऊ वर्षांची. यंत्राजवळ जाऊ नको असं शंभरदा सांगूनही ती कणसांचा भारा घेऊन तोंडाशी गेली आणि तिच्या फ्रॉकची बाही आत ओढली गेली. बाबा धावले. त्यांनी बाही धरून हिसका दिला. बाही फाटली, ती मागे आपटली आणि बाबांचा हात आत गेला.

लोक गोळा झाले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. पहिल्यांदा काय बोलले, तर, "मी एकटाच होतो. पोरगी घरी होती." पुढे आयुष्यभर त्यांनी तेच सांगितलं. या पोरीपायी बापाचा हात गेला असं कुणी म्हणायला नको म्हणून. आईलाही खरं सांगितलं नाही. लेकही गप्प राहिली. लहानपणी भीतीने, मोठेपणी सवयीने. आता हा लोखंडाचा बाप उभा राहताना बघून तिला वाटू लागलं की हे कुठेतरी, कधीतरी बोलता येईल. आता कोण कुणाला नावं ठेवणार होतं?

उद्‌घाटनाच्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे घातले. बाबांना इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः जनरेटरपाशी उभी राहिली, कारण खुर्च्या पाहुण्यांना कमी पडत होत्या. महोत्सवाच्या मुख्य बाईंनी कापड ओढलं. शिल्पाखालच्या पाटीवर लिहिलं होतं, 'एकटा'.

धाकट्याने माईक घेतला. तो चांगलं बोलायचा. रिकाम्या शेतात एकटा राबणारा माणूस, त्याच्या मदतीला कुणी नाही, यंत्र त्याचा हात खातं आणि त्याची हाकही कुणाला ऐकू जात नाही, असं त्याने सांगितलं. पुढे बसलेल्या एक बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. शेवटी त्याने आपल्या गुरूंचे, महोत्सवाचे, मंडपवाल्यांचे आभार मानले आणि "वेल्डिंगच्या कामात स्थानिक कारागिरांचंही सहकार्य लाभलं" असं म्हणाला.

टाळ्या थांबेनात. लोकांनी बाबांना हाताला धरून शिल्पाशेजारी नेलं. बाबा ताठ उभे राहिले. कुणीतरी त्यांचा डावा हात हातात घेतला, कुणीतरी वाकून नमस्कार केला. रिकामी बाही फोटोत नीट यावी म्हणून एका फोटोग्राफरने त्यांना जरा वळायला सांगितलं आणि ते वळले.

संध्याकाळी मंडपामागे तिने धाकट्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. बाहीसकट. तो खाली बसला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"कुणालाच नाही सांगितलं."

"ताई, खूप वाईट वाटतंय मला. खरंच." मग तो मंडपाकडे बघत म्हणाला, "पण आता काय करू? पाटी लागली, पुस्तिका छापून झाली. आणि तू त्यात आलीस की ते शिल्प वेगळंच होतं. तो मग एकटा राहत नाही."

"नव्हताच तो एकटा."

"तुझं बरोबर आहे. पण शिल्पाला ते चालत नाही."

"आणि स्थानिक कारागीर म्हणजे कोण? माझं नाव विसरलास?"

"घरच्याच माणसाचं नाव घेतलं तर लोक हसतात गं," तो म्हणाला आणि कुणीतरी बोलावलं म्हणून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांपुढे चहा ठेवला आणि विषय काढला. "तुम्ही सांगा त्याला. तुमचं ऐकेल तो. मी होते तिथे, एवढंच सांगा."

बाबा चहात बघत राहिले. "मीच तर सांगत आलो ना तसं. तुझ्यासाठीच."

"माहीत आहे मला. पण आता कुणापासून लपवायचं?"

"राहू दे आता. छान सांगितलं त्याने. लोक रडत होते, बघितलंस ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर तिने कधी न बघितलेली टवटवी होती. इतकी वर्षं दारातल्या खुर्चीवर बसून हा माणूस कशाची वाट बघत होता, ते तिला तेव्हा कळलं. आपण त्यांना जेवू घातलं, आंघोळीला पाणी काढून दिलं, दुखण्याखुपण्यात उशाशी बसलो. पण वाकून नमस्कार करणारी माणसं आपल्याला आणता आली नाहीत. तिला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

शिल्प गाजलं. दुसऱ्या गावच्या महोत्सवाने ते मागवलं, मग तिसऱ्या गावच्या. शिल्पाबरोबर त्यांना बाबाही हवे होते. धाकटा गाडी घेऊन आला तेव्हा बाबांची पिशवी आधीच भरलेली होती.

"तुला एकटीला जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"जमेल."

"उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

तिने गाडीचं दार लावून दिलं.

बाबा अधूनमधून फोन करत. कुठे किती गर्दी होती, कुणी हार घातला, कुणी मुलाखत घेतली, सगळं सांगत. शेड कशी चाललीय हे विचारायचं राहून जाई. गिऱ्हाइकं आता तिला बाबांची गोष्ट सांगू लागली. एकदा ट्रॉलीवाला म्हणाला, "बिचारा म्हातारा, जवळ एक माणूस नव्हतं हो त्याच्या." ती म्हणाली, "होतं. मी होते. मलाच वाचवताना गेला हात." ट्रॉलीवाला ओशाळून हसला आणि "असेल, असेल," म्हणाला. भावाचं नाव झालं म्हणून आता हिलाही वाटा हवाय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर तिने कुणाला सांगितलं नाही.

थंडी वाढली तसा धाकटा बाबांना परत घेऊन आला. प्रवासात त्यांच्या छातीत कफ भरला होता. त्याला परदेशी जायचं होतं, त्यामुळे तो दुपारी आला आणि दुपारीच गेला. तिने बाबांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण नवी होती, तरुण होती. छाती तपासताना तिची नजर हाताच्या खुंटाकडे गेली.

"हे कसं झालं, आजोबा?"

बाबांना धाप लागत होती, तरी ते उठून बसले. रिकामं शेत, कुणाला ऐकू न गेलेली हाक, सगळं त्यांनी सांगितलं. भाषा धाकट्याचीच होती, शब्दनशब्द. सांगताना त्यांनी मधेच लेकीकडे बघितलं. ते नजर चुकवतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांची नजर स्वच्छ होती. ते खोटं बोलत नव्हते. ऐकणाऱ्यांपैकीच एक समजून ते तिच्याकडे बघत होते, हिलाही वाईट वाटतंय ना, एवढंच.

डॉक्टरीण तिच्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

तिने बाबांच्या सदऱ्याची गुंडी लावली.

"मी घरी होते," ती म्हणाली, आणि औषधं जेवणाआधी द्यायची की नंतर ते विचारलं.