थेट पानिपतहून

बाळ पानिपतला निघाला की त्याच्या आईच्या, अलकनंदाबाईंच्या, कपाळाला आठी पडायची. मराठी माणसाला ते गाव कधी लाभलंय का, असं त्या म्हणायच्या, आणि बाळ हसत बाहेर पडायचा. करोल बागेतल्या एका निर्यात कंपनीसाठी तो चादरी-सतरंज्यांचा माल बघायचा, त्यामुळे ती फेरी त्याला चुकत नसे. त्याची थोरली बहीण वीणा नोएडातल्या एका खासगी वृत्तवाहिनीत प्रोड्यूसर होती. तिघं मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहत, आणि लेकीची वाहिनी म्हणून आईचा टीव्ही दिवसभर तीच दाखवत असे.

वीणाची आधीची बरीच वर्षं सरकारी वाहिनीत गेली होती. तिथे कॅसेट यायची, बघितली जायची, नको ते कापलं जायचं आणि उरलेलं संध्याकाळच्या बातम्यांत लागायचं. इथे बातम्या चोवीस तास चालत. त्यात नुकतीच छतावर तबकडी लावलेली एक व्हॅन आली होती. ती कुठेही उभी करावी, तिथलं चित्र त्याच क्षणी घराघरात. संपादक तनेजा त्या व्हॅनवर भलतेच खूष होते. वीणाला तिची धास्ती वाटायची. समोर काय येणार ते आधी कळायला वावच नव्हता.

एका दुपारी पानिपतच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर फुटला. व्हॅन दुसऱ्या कामासाठी त्याच हायवेवर होती. वार्ताहर निधीनं ती तशीच पुढे दामटली, आणि बाकी वाहिन्या पोचायच्या आत वीणाच्या वाहिनीवर धूर दिसू लागला.

बाळ सकाळीच पानिपतला गेला होता. वीणानं त्याचा मोबाइल लावला, लागला नाही. पानिपतात कारखाने काय थोडे आहेत, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कंट्रोल रूममधल्या आपल्या खुर्चीत बसली. पडद्यावर फाटकाशी एक बाई जमिनीवर हात आपटत रडत होती. तनेजांनी मागून सांगितलं, हे चित्र सोडू नका. वीणानं सोडलं नाही. ती बाई पदरानं तोंड झाकायला लागली, तरी कॅमेरा तिच्यावरच राहिला. मधूनच वीणा टेबलाखाली भावाचा नंबर लावत होती.

मग फाटकातून चौघांनी एक खाट बाहेर आणली. कॅमेरा तिकडे वळला. निधी धापा टाकत म्हणाली, "एक और शव बाहर लाया जा रहा है." खाटेवरच्या माणसाचं काजळलेलं तोंड कॅमेऱ्याकडे कलंडलं.

"स्टुडिओ घ्या," वीणा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक निघाला की बटणांपाशी बसलेल्या महेशला ऐकूच गेला नाही. मग ती ओरडली, तेव्हा चित्र बदललं. स्टुडिओतला निवेदक गडबडला आणि सुचेल ते बोलत राहिला.

तनेजा काही विचारणार एवढ्यात फोन वाजला. घरून होता.

"वीणा," आई म्हणाली, "तो आपला बाळ होता ना?"

"आई, तू कसं..."

"मला तोंड नीट दिसलं नाही गं. पण तुम्ही चित्र असं कधी तोडत नाही. मघाची ती बाई किती वेळ दाखवलीत. आता एकदम तोडलंत, म्हणून कळलं."

बघते आणि कळवते, एवढंच म्हणून वीणानं फोन ठेवला, आणि निधीला मोबाइल लावून खाटेमागे इस्पितळात जायला सांगितलं. निधी म्हणाली, व्हॅन सोडून कशी जाऊ? "जा," वीणा म्हणाली. "तो माझा भाऊ आहे."

तनेजांनी ते ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि जरा वेळानं हलक्या आवाजात विचारलं, "भाई न होता, तो काटतीं?"

वीणानं ग्लास हातात धरून ठेवला. उत्तर तिला ठाऊक होतं. तोवर शेजारच्या पडद्यावर दुसऱ्या वाहिनीनंही आपल्या कॅमेऱ्यानं टिपलेली तीच खाट दाखवायला सुरुवात केली होती, पुन्हा पुन्हा, खाली मृतांच्या आकड्याची पट्टी सरकत होती.

इस्पितळातून निधीचा फोन आला. बाळ जिवंत होता. दोन्ही हात आणि पाठ भाजली होती, शुद्ध हरपली होती, पण डॉक्टर जगेल म्हणत होते. वीणानं आधी घरी कळवलं. आई रडल्याचं ऐकू आलं. मग वीणा तनेजांपाशी गेली. आपण शव म्हटलं तो माणूस जिवंत आहे, हे सांगायला हवं आणि आकडा एकानं उतरवायला हवा, असं ती म्हणाली. तनेजा कुरकुरले. दुसरीकडे आकडा चढतोय, आपला उतरताना कसा दिसेल? वीणा तिथून हलली नाही. शेवटी पट्टी बदलली आणि निवेदकानं चूक मान्य केली. त्यानंतरच ती टॅक्सीनं मयूर विहारला गेली आणि आईला घेऊन तशीच पानिपतकडे निघाली.

सकाळी बाळनं डोळे उघडले, आईला ओळखलं आणि पुन्हा झोपला. वॉर्डाच्या व्हरांड्यात टीव्ही चालू होता, कारखान्याचीच चित्रं. अलकनंदाबाईंना ते सोसवेना. त्यांनी आयाला तो बंद करायला सांगितला.

"मत बंद करो, माताजी," भिंतीशी बसलेला एक म्हातारा म्हणाला. त्याचा मुलगा अजून सापडला नव्हता. नावं कळली तर इथेच कळतील, म्हणून तो रात्रभर तिथे बसून होता.

आईनं वीणाकडे पाहिलं. वीणा म्हाताऱ्याजवळ जाऊन बसली, मुलाचं नाव विचारलं, आणि निधीचा नंबर लावला.