खाल्लेलं परत कसं करायचं

पहिल्या पापनिवेदनाच्या आधी मी मुलांना यादी करायला लावत असे. वहीचं अर्धं पान, पेन्सिल आणि तीन नियम. पाप स्वतःचंच लिहायचं, बहिणीचं नाही. किती वेळा केलं तेही लिहायचं. आणि फादरना सांगून झालं की कागद फाडून टाकायचा. तोवर तो कोणीही वाचायचा नाही. आईनेही नाही आणि मीही नाही.

मुलं आठ-नऊ वर्षांची. पापं आठवताना त्यांची फार ओढाताण व्हायची. त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगा होता, त्याला आम्ही सगळे वकील म्हणायचो. कोणतीही गोष्ट वाद घातल्याशिवाय त्याच्या गळी उतरत नसे. त्याने हात वर केला.

"टीचर, माझं एकच निघालं. शेजारच्याकडून एखादं उसनं घेऊ का?"

"नीट शोध, सापडतील."

"शोधलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, अर्धं पान पुरायचं नाही."

वर्ग हसला. त्याच्या शेजारी बसलेली मुलगी मात्र हसली नाही. हाताचा आडोसा करून ती लिहीत राहिली. तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, आणि कायम काहीतरी उचलून नेत असलेली: खडू, डस्टर, माझी पिशवी. नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं. तेव्हा ते काम शोधायला दुसऱ्या शहरात गेले होते. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. एवढंच मला ठाऊक होतं, आणि एवढं पुरे आहे असं मला वाटत होतं.

सोमवार ते शुक्रवार मी याच मुलांना शाळेत तिसरी शिकवायचे आणि रविवारी सकाळची उपासना, मिस्सा, संपली की चर्चच्या मागच्या खोलीत धर्मशिक्षण घ्यायचे. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस मुंगी माझ्या डोळ्यांसमोर असायची. हे मुद्दाम सांगते आहे. मला दिसलं नाही, अशी सबब मला सांगता येत नाही.

शाळेत वर्गाबाहेर एक लाकडी फळी होती, तिच्यावर मुलं डबे ठेवत. महिनाभरापासून तक्रारी येत होत्या. आज याच्या डब्यातलं थोडं कमी, उद्या तिच्या. अख्खा डबा कधीच कोणाचा गेला नाही. जायचा तो एखादाच घास.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"मग फार शहाणा आहे," वकील म्हणाला. "खाऊन झालं की झाकण लावून जातो."

मी ते हसण्यावारी नेलं.

यादी करून झाल्यावर त्या रविवारी मुलं पळाली आणि मी बाकं सरळ करू लागले. एका बाकाखाली चार घड्या घातलेला कागद पडला होता. तो उचलून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला असता आणि पुढच्या वेळी ज्याचा त्याला दिला असता, तर नियम पाळल्यासारखं झालं असतं. पण जन्म वह्या तपासण्यात गेलेला. कागद हातात आला की डोळे आपोआप चुका शोधू लागतात. मी घड्या उलगडल्या.

अक्षर मुंगीचं होतं. आईला खोटं बोलले, चार वेळा. प्रार्थना म्हणताना झोपले, दोन वेळा. आणि तिसरं: दुसऱ्यांच्या डब्यातलं घेतलं, रोज, प्रत्येकाचं थोडं थोडं.

मनात पहिला विचार काय आला, तोही सांगते. रोज म्हणजे किती वेळा, हे हिने लिहिलं नाही, असं मला वाटलं.

मग मी घाबरले. पापनिवेदनात सांगायची गोष्ट मी वाचली होती. फादर असं काही ऐकतात तेव्हा ते मरेपर्यंत त्यांच्या पोटात राहतं, हे मीच मुलांना शिकवलं होतं. मी ठरवलं की आपणही तसंच करायचं. मुंगीला एका शब्दाने विचारायचं नाही, आईला बोलावायचं नाही. हे तिचं आणि देवाचं आहे. कागद होता तसा घडी घालून बाकाच्या फटीत ठेवला आणि घरी आले. त्या रात्री मला आपल्याविषयी बरंच चांगलं वाटलं.

पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. पुढच्या रविवारी मी चोरीबद्दलची आज्ञा पुन्हा शिकवायला घेतली. कोणाकडे न बघता शिकवलं, कोणाचं नाव घेतलं नाही, आणि चांगलं शिकवलं. नुसतं क्षमा मागून भागत नाही, असं सांगितलं. जे घेतलं ते परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही. पेन्सिल घेतली असेल तर पेन्सिल द्यायची, रबर घेतलं असेल तर रबर.

मुंगीने हात वर केला. तिचा हात क्वचितच वर व्हायचा.

"टीचर, खाल्लेलं परत कसं करायचं?"

पोरं खो खो हसली. वकिलाने ओकारी काढल्याचं सोंग केलं. मी त्यांना गप्प केलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती खरोखरच विचारत होती.

"आपल्या वाटणीचं द्यायचं," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. अवघड गणित सुटल्यावर मुलं डोलावतात तशी.

आमच्या शिक्षकांच्या पुस्तकात याच धड्याच्या शेवटी चार ओळी होत्या. जिवाला दुसरा आधार नसताना भुकेल्याने घेतलेलं अन्न चोरी धरत नाहीत, असं तिथे सरळ लिहिलं होतं. त्या ओळींवर मी फार वर्षांपूर्वी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. बाजूला लिहिलं होतं: मुलांचा गोंधळ होतो, सांगू नये.

त्या आठवड्यापासून फळीवरच्या तक्रारी थांबल्या. मधल्या सुट्टीत मुंगी आपला डबा उघडून कोणा ना कोणासमोर धरू लागली. आज हिच्यासमोर, उद्या त्याच्यासमोर. "घे, तुझं आहे," एवढंच म्हणायची. मुलं घ्यायची. कशाबद्दल ते कोणी विचारलं नाही. मुलांना आयता घास मिळाला की ती कारण विचारत नाहीत. मी व्हरांड्यातून बघत असे. तिला एका अक्षरानेही न दुखावता मी तिला वाटेवर आणलं, असं मला वाटे. शिकवण्यात मुरलेल्या माणसालाच हे जमतं, असंही वाटे. ती डबा दुसऱ्यापुढे धरते तेव्हा स्वतः काय खाते, हे बघायला दहा पावलं पुढे जावं लागलं असतं. मी गेले नाही.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, मुलांचं पहिलं पापनिवेदन होतं. नऊ मुलं चर्चमध्ये भिंतीशी रांगेत उभी होती, हातात आपापले कागद. मुंगी सातवी. पाचव्या मुलाची पाळी चालू असताना ती भिंतीला घासत खाली बसली आणि आडवी झाली.

मी तिला उचलून बाकावर ठेवलं. वजन असं लागलंच नाही. पाण्यात साखर घालून चमच्याने पाजलं. शुद्धीवर आल्यावर तिने आधी पिशवी चाचपली. तिच्यात डबा होता. शनिवारी शाळा नसते, तरी डबा होता, आणि भरलेला.

"अगं, हे खायचं नाही का?"

"ते त्याचं आहे." तिने वकिलाकडे बोट दाखवलं. "त्याचं आणि अजून एकाचं राहिलंय. आज द्यायचं होतं, आत जायच्या आधी."

वकील जवळच उभा होता. त्याने हातातला कागद उलगडला. मग तो हळूच म्हणाला, "टीचर, मी मागे दोनदा खाल्लं तिच्या डब्यातलं. हे पण लिहू का?"

"नाही रे. हे तुझं नाही."

निरोप गेल्यावर मुंगीची आई अर्ध्या तासाने कामावरून तशीच आली. ओला एप्रन, पाण्यात राहून पांढरे पडलेले हात. लेकीच्या कपाळाला हात लावून ती बाकाच्या कडेला बसली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी पहाटे निघते, टीचर. सकाळी घरात करायला काही नसतं. संध्याकाळी मी काहीतरी घेऊन घरी जाते तेव्हा आम्ही दोघी जेवतो, एकदाच. डबा ती रिकामाच आणायची. नको नेऊस म्हटलं, तर म्हणाली, आई, सगळ्यांच्या हातात असतो."

"रिकामा?"

"हो. आणि आता महिना होत आला, ही म्हणते, आई, मी ताट घेऊन दाराशी बसते, तिथे वारा लागतो. मी दमलेली असते. मागे वळून बघितलं नाही मी." तिने डब्याचं झाकण काढलं, आतलं पाहिलं आणि परत लावलं. "हे कालचं तिचं रात्रीचं. मी माझ्या हाताने वाढलेलं. हे वाटून टाकायचं तिला कोणी शिकवलं?"

"मी."

तिने डबा लेकीच्या पिशवीत ठेवला.

"तुम्ही वाईट शिकवता असं कसं म्हणू? चांगलंच शिकवता. तिला तुमचं सगळं पाठ असतं. घरी येऊन मलाच शिकवते." मग लेकीला उठवताना ती म्हणाली, "एकदा मला विचारलं असतंत. धुलाईखान्यात फोन आहे."

त्या संध्याकाळी मुलं गेल्यावर पापनिवेदनाच्या जाळीसमोर मी गुडघे टेकले. फादर माझेच जुने विद्यार्थी. त्यांची पहिली यादीही माझ्याच वर्गात झालेली. मी कागदापासून सगळं सांगितलं.

"मग विचारलं का नाही तिला?" ते म्हणाले.

"मला वाटलं, ते गुपित आहे. पापनिवेदनाचं."

"टीचर, ते बंधन माझ्यावर आहे. तुमच्या हाती एका मुलीचा कागद पडला होता. तो देवाने तुमच्या पायाशी टाकला असेल, असं मनात आलं नाही?"

मी जाळीला कपाळ टेकवलं.

"'रोज' असं लिहिलं होतं तिने," ते म्हणाले. "रोज कोण चोरतं? रोज तर भूक लागते."

मी तीस वर्षांत जे वाचलं नाही, ते माझ्या विद्यार्थ्याने न पाहिलेल्या कागदावरून वाचलं. त्यांनी मला प्रायश्चित्त म्हणून एक जपमाळ सांगितली. फार थोडं सांगितलं, असं मला आजही वाटतं.

सोमवारपासून मी दोन डबे नेऊ लागले. मुंगीच्या आईला आधी विचारलं. ती म्हणाली, "वर्गासमोर देऊ नका, एवढंच करा." मी मुंगीला शिक्षकांच्या खोलीत बसवून डबा पुढे ठेवला.

"कोणाचं आहे?"

"तुझं."

"मग मी परत काय द्यायचं?"

मी तिला समजावलं. फुली मारलेल्या ओळी खोडरबराने मोकळ्या करून वाचूनसुद्धा दाखवल्या. भुकेल्याने घेतलेला घास चोरी नसते, तुझं कोणाकडेच काही राहिलेलं नाही, मी चुकीचं सांगितलं होतं. तिने सगळं शांतपणे ऐकलं. माझं ती नेहमीच ऐकायची.

"पण आधी तुम्ही तसं सांगितलं होतं," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. दोन वह्यांत दोन उत्तरं आली तर खरं कोणतं, एवढंच तिला हवं होतं.

"आधीचं चूक. हे बरोबर."

तिने थोडं खाल्लं आणि उरलेल्यावर झाकण लावलं. मुलाला न येणारं शिकवणं मला जमतं. पक्कं शिकवलेलं काढून कसं टाकायचं, ते मला येत नव्हतं. पुढे फादरही तिच्याशी बोलले, तिचं पापनिवेदनही झालं. ती खाऊ लागली. गालही भरले. पण प्रत्येक वेळी आधी विचारायची, कोणाचं आहे.

पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मुलांना चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर मिळते त्या दिवशी मुंगीने वकिलाच्या बहिणीचा पांढरा फ्रॉक घातला होता. तो खांद्यांवरून घसरत होता. आईने पाळी बदलून घेतली होती. मिस्सा झाल्यावर मागच्या खोलीत लांब टेबलावर मुलांचा नाश्ता मांडला. नऊ ताटं, सगळ्यांत सारखंच. मुलं तुटून पडली. वकिलाचं तर बोलणंही बंद झालं.

मुंगी हात मांडीवर ठेवून बसली होती. आधी तिने प्रत्येकाच्या ताटाकडे पाहिलं, ओळीने, शेवटच्यापर्यंत. मग आपल्या ताटाकडे.

"खा गं," शेजारी बसलेली आई म्हणाली. "तुझंच आहे."

तिने आईकडे पाहिलं नाही. मान वर करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मी होकारार्थी मान डोलावली. त्याआधी तिने घास उचलला नाही.