पूजेतला पाना

नांदूरघाटाहून निघाली तेव्हा गाडी अगदी सुतासारखी सरळ चालली होती. घाटाचा पहिला चढ लागला आणि ती गचके खाऊ लागली. मृत्युंजयने अॅक्सिलरेटरवर पाय दाबला, तर जोर येण्याऐवजी सगळी गाडीच थरथरली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"थंडी वाजून आली का रं हिला?" मागच्या सीटवरून त्याच्या आईने, मल्लम्माने विचारलं. तिच्या मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी होती.

मृत्युंजयला हसू आलं नाही. वडवणीला त्याचा मामा गुंडप्पा अंथरुणाला खिळून होता. सकाळीच त्याने बहिणीला फोन केला होता, "आक्का, यंदा सोनं द्यायला ये. पुढच्या दसऱ्याचं माझं काय सांगावं." आणि दसऱ्याचं सोनं दसऱ्यालाच द्यायचं. दुसऱ्या दिवशी ती नुसती पानं.

चढ कसाबसा संपला. वर फाट्यावर एक गॅरेज होतं. शटर अर्धं उघडं, आतून उदबत्तीचा वास. पांढरे कपडे घातलेला मिस्तरी उत्तरेश्वर बाहेर आला, आणि त्याने आधीच हात हलवला.

"आज काम बंद हाय. हत्यारं पूजेला बसलीत."

आत पाटावर नट-बोल्टचे पाने, पकडी, हातोड्या ओळीने मांडलेल्या होत्या, वर झेंडू. हवेच्या मोठ्या पंपालाही नवरदेवासारखा हार होता.

"नुसतं बघा तरी, मिस्तरी," मृत्युंजय म्हणाला. "आईला भावाकडं न्यायचंय. आजच."

"बघायला हत्यार कशाला लागतंय? लावा चालू."

उत्तरेश्वर गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि त्याने सायलेन्सरच्या तोंडापासून जरा लांब तळहात धरला. "या, तुमीबी धरा."

गरम हवेचे ठोके हातावर येत होते. फक्, फक्, फक्... आणि मग एक जागा रिकामी. पुन्हा तीन ठोके, पुन्हा रिकामी जागा.

"घावलं? ह्याला आमी मिसिंग म्हणतो. चौघं वझं ओढायलेत, त्यातला एक नुसताच बसून हाय. कोन ते धरू आता."

त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर चार काळ्या कॉइली ओळीने खोचलेल्या होत्या. उत्तरेश्वर सांगायला लागला आणि सांगता सांगता सण विसरला. "ह्या चौघांखाली चार घरं. घरात हवा अन् पेट्रोल शिरतं. दट्ट्या वर येऊन ते दाबतो. मग कॉइल ठिणगी पाडती, की भडका! त्या दणक्यानं दट्ट्या खाली जातो. अशी उभी असली तरी सेकंदाला पंचवीस-एक भडके व्हतेत."

"सेकंदाला?"

"मग? तुमी 'एक' म्हणूस्तोवर."

मृत्युंजय इंजिनाकडे बघतच राहिला. सहा वर्षं तो ह्या भडक्यांच्या मागे गाणी ऐकत बसला होता. एवढी आग, इतक्या शिस्तीने, आणि धूर डोळ्यांत गेला नाही की चटका बसला नाही.

"आता ऐका. अन् हे तुमी घरी करू नका, झटका बसंल." उत्तरेश्वरने पहिल्या कॉइलची वायर काढली. इंजिन अडखळलं. म्हणजे पहिली कामात होती. वायर लावून त्याने दुसरीची काढली, तरी तसंच. तिसरीची काढली, आणि काहीच झालं नाही. आवाज होता तसाच राहिला.

"ह्यो बसलाय." त्याने गाडी बंद करायला लावली. "सकाळी काय केलं हिचं?"

"धुतली. दसरा हाय ना. पाइप लावून."

"बाहेरून का आतूनबी?"

"आतूनबी," मृत्युंजय हळूच म्हणाला. "इंजिनालाबी हळदकुंकू लावायचं होतं."

"भले! डोक्यावरून अंघोळ! पानी कॉइलीखालच्या खड्ड्यात जाऊन बसलं. चढाला गाडी तापली, वाफ वर आली, अन् ठिणगी खाली जायाच्या ऐवजी बाजूनं पळायली."

कॉइल एका बोल्टने बसवलेली होती. उत्तरेश्वरचा हात सवयीने मागे गेला आणि तिथेच थांबला. बोल्टला दहा नंबरचा पाना हवा होता, आणि तो झेंडूखाली होता. मृत्युंजयने चिमटीत धरून बोल्ट फिरवायचा प्रयत्न केला. बोटाचं सालटं निघालं, बोल्ट हलला नाही. ऊन कलायला लागलं होतं.

मल्लम्मा खाली उतरली. शटरखालून वाकून आत गेली आणि पाटापुढे हात जोडून उभी राहिली. मिस्तरीची बायको छबुबाई तिथेच होती.

"पूजा कुनी मांडली, बाई?"

"मीच."

"मग उचलायचं बी तुझ्याच हाती असंल. एकच दे. मला भावाला सोनं द्यायचंय."

छबुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "मी काय सांगू? कधी उचललं न्हाई आपन," तो म्हणाला.

"आवं, बहीन-भावाच्या कामाला देव कावून न्हाई म्हनंल?" तिने झेंडू बाजूला केला, दहाच्या पान्याला कुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. "झालं की परत जाग्यावर. अन् ह्या हार घातलेल्या पंपाला हात लावायचा न्हाई. हवा मारायला सायकलचा पंप हाय घरात, तो पूजेत न्हाई."

कॉइल बाहेर आली. खाली, लांब खड्ड्याच्या तळाशी, पाणी चमकत होतं. कॉइलच्या रबरावर केसाएवढी एक काळी रेघ होती.

"इथून पळाली," उत्तरेश्वर हळू आवाजात म्हणाला. "विजेची वाट हाय ही."

मृत्युंजयने ती रेघ उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. आभाळातली वीज लांबून पाहिली होती. तिची वाट अशी हातात घ्यायला कधी मिळाली नव्हती.

काडीला फडकं गुंडाळून पाणी टिपलं, पंपाने हवा मारली, रबर पुसून उन्हात वाळवलं. "वडवणीपातूर जाईल. उद्या नवं रबर टाका," उत्तरेश्वरने बजावलं. पाना पाटावर परत गेला. गाडी सुरू झाली, आणि ह्या खेपेला मल्लम्मानेच तळहात मागे धरला. तिने डोळे मिटले.

"चौघंबी आले," ती म्हणाली.

वडवणीला पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. मल्लम्माने भावाच्या हातात पानं ठेवली आणि त्याची बोटं मिटून आपल्या मुठीत धरली.

"मला वाटलं, येत न्हाईस," गुंडप्पा म्हणाला. "उशीर कावून झाला?"

मृत्युंजय पलंगाच्या कडेला बसला. मग त्याने मामाचा मोकळा हात घेतला आणि तळहातावर बोटाने ठोके दिले. तीन ठोके, एक रिकामी जागा. आणि चार घरांतल्या आगीची गोष्ट सांगायला घेतली.

गुंडप्पा ऐकत होता. त्याचे डोळे मोठे होत गेले.

"आगीवर बसून आली व्हय माझी आक्का," तो म्हणाला. "पुन्हा सांग. हळू सांग."