भैरवीनंतरचा सूर

मी बँडमधला बेस बोलतोय. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काही आलं नसेल तर त्यात तुमची चूक नाही. मागच्या रांगेकडे कोण बघतं? बँड वाजायला लागला की आधी दिसतो तो फेटेवाला मास्तर, मग चकचकीत कॉर्नेट, मग काळी क्लॅरिनेट. या सगळ्यांच्या मागे एक दांडगा माणूस भलाथोरला पितळी कर्णा पोटाशी कवटाळून 'पों पों' करत असतो. तो कर्णा म्हणजे मी.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिराने मला ठोकून, वाकवून, घासून तयार केलं, एकदा फुंकून पाहिलं आणि भुसा भरलेल्या पेटीत घातलं. बोटीने मुंबई, आगगाडीने महू आणि तिथून बैलगाडीने धार, असा मी माळव्यात आलो. तेव्हा विसावं शतक नुकतंच लागलं होतं आणि मी अगदी आरशासारखा होतो. वाटेत गाडीवान माझ्यात बघून मिशा सारख्या करायचा.

धारच्या बँडमध्ये माझं काम एकच, पावलं मोजणं. डावा, उजवा, डावा, उजवा. चाल कॉर्नेटने वाजवायची, शाबासकी त्यानेच घ्यायची. मला राग यायचा, पण बेसचा राग कळणार कसा? रागावलो तरी आवाज तोच.

एकदा पाहुण्यांच्या सहलीबरोबर बँड मांडूला गेला. घाटात गाडी कलंडली, मी दगडावर आपटलो आणि पोटाला चांगला पोचा आला. वर पोचल्यावर, मी जिवंत आहे की नाही ते बघायला माझ्या वादकाने एका पडक्या घुमटाखाली मला लांबलचक फुंकलं. त्याने तोंड काढलं तरी सूर थांबेना. घुमट तो धरून बसला होता. आपण पावलं मोजण्यापलीकडे काही करू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वादक हसला आणि मला पोत्यात गुंडाळून मोकळा झाला.

पुढे धारला नवा बेस आला आणि पोचेवाल्या मला देवासला पाठवण्यात आलं. दोन्हीकडे पवारांचंच राज्य, आणि जुनं सामान भाऊबंदांकडे जायचंच. देवासात तर एकाच गावात दोन पात्या, म्हणजे राज्याचे दोन वाटे, दोन राजे, आणि मधून रस्ता. मी कोणत्या पातीकडे गेलो ते सांगत नाही. दोन्हीकडची माणसं या बाबतीत अजून मोजून बोलतात.

तिथे मला बापू मिळाला. तरुणपणी आखाड्यात घुमलेला, छाती दरवाजाएवढी. त्याचे वडील टेकडीवरच्या देवीपुढे सनईवाल्याच्या मागे बसून जन्मभर नुसता सूर धरत आले होते. सनईवाला चाल वाजवणार, हे एकच सूर धरून राहणार. गालात हवा साठवून नाकाने श्वास चोरायची त्यांची रीत बापूला घरातूनच आली होती. त्याने पहिल्याच दिवशी माझा पोचा पंच्याने पुसला आणि म्हणाला, "राहू दे भिया, माझं पण नाक मोडलेलं आहे." त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

बँडमास्तर नीलकंठराव लहानपणीच महूच्या छावणीत जाऊन पलटणीच्या बँडमध्ये शिकलेले. कागदावरचे सूर डोळे मिटून सांगतील, पण गावच्या मैफलीत बसायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी बागेत आमचा बँड लोकांसाठी वाजायचा. मास्तर मन लावून विलायती मार्च आणि वॉल्ट्झ वाजवायचे. लोक यायचे, शेंगा खायचे आणि शेंगा संपल्या की जायचे. काही जण तर आमच्या देखत रस्ता ओलांडून पलीकडच्या पातीत जायचे, ते मास्तरांना फार लागायचं.

शेवटी एके दिवशी दरबारचे कारभारी भैयासाहेब तालमीच्या खोलीत आले. हत्ती, घोडे आणि बँड अशी तिन्ही खाती त्यांच्याकडे होती, आणि त्यांतला बँड सर्वांत कमी कामाचा असं त्यांचं मत होतं.

"मास्तर, येत्या गुरुवारी दिवे लागेपर्यंत बाग भरलेली दिसली पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर सलामीपुरते बिगुल आणि ढोल ठेवू. बाकीचं पितळ तांबटाला देऊन टाकू. निदान मुदपाकात हंडे तरी होतील."

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यात दोन मोठे हंडे सहज बसले असते.

ते गेल्यावर काय वाजवायचं यावर खल सुरू झाला. युफोनियमवाले प्रतापराव म्हणाले, "नाटकाची नवी पदं घ्या मास्तर. पोरंसोरं पण गुणगुणतात."

"नुसती पदं वाजवली तर लोक म्हणतील लग्नाचा ताफा आलाय," मास्तर म्हणाले. "आणि रागदारी घ्यावी तर गवई हसतील. तंबोरा कुठाय आपल्याकडे?"

बापू मला पुसत होता. तो म्हणाला, "मास्तर, ह्या गोऱ्या चाली आपल्या लोकांच्या गले नाही उतरत. काही आपलं घ्या ना."

मास्तरांनी आधी बापूकडे आणि नंतर माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "बापू, ह्याच्यावर षड्ज किती वेळ धरता येईल?"

"तुम्ही छडी खाली करेपर्यंत," बापू म्हणाला.

अशी माझी निवड झाली. मी तंबोरा झालो. मास्तरांची मोठी बहीण अक्का रोज सकाळी देवाची फुलं वेचताना भैरवीतलं एक भजन म्हणायची. मास्तरांनी ती चाल क्लॅरिनेटवर बसवली आणि खाली माझा अखंड षड्ज ठेवला. तालमीत पहिल्यांदा ती वाजली तेव्हा ढोलवाला वाजवायचं विसरून ऐकत बसला. मला मांडूचा घुमट आठवला.

कार्यक्रम ठरला. आधी मार्च, मग वॉल्ट्झ, मग भैरवी, त्यानंतर नाटकाची दोन पदं, यमन आणि शेवटी पुन्हा मार्च. सगळ्यांत चांगली चीज मध्यावर ठेवायची, हे मास्तर छावणीत शिकले होते. भैरवी त्यांच्या लेखी सकाळची, दिवस सुरू करणारी. आमच्यातल्या एकदोघांना शंका आली असेल, पण बँड म्हणजे काही मैफल नव्हे, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

गुरुवारी बाग भरली. पुढे खुर्चीत भैयासाहेब, त्यांच्याजवळ बैठकीवर दरबारचे म्हातारे गवई उमाशंकरबुवा, आणि चिकाच्या पडद्यामागे अक्का आणि बायका. मार्च झाला, शेंगा फुटत होत्या. वॉल्ट्झ झाला, शेंगा फुटतच होत्या. मग बापूने मला ओठाशी लावलं, माझा षड्ज निघाला आणि त्यावर क्लॅरिनेटने भैरवी धरली.

शेंगांचा आवाज थांबला. बुवांनी डोळे मिटले. चिकामागे कोणीतरी बारीक आवाजात भजन म्हणत होतं. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी असं ऐकलं नव्हतं, आणि मी तर अंगावरचा पोचासुद्धा विसरलो.

भैरवी संपली आणि सगळी बाग उठली.

लोकांनी उपरणी झटकली, मुलांना कडेवर घेतलं, चपला शोधायला सुरुवात केली. कोणाच्या मनात राग नव्हता. उलट सगळे समाधानाने निघाले होते. भैरवी झाली म्हणजे मैफल आटोपली, एवढं तर माळव्यातल्या शेंगदाणेवाल्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका आमच्या मास्तरांना. अजून उन्हं होती, दिवे लागायला अवकाश होता, आणि भैयासाहेब मान वळवून रिकाम्या होणाऱ्या बागेकडे बघत होते.

मास्तर जागच्या जागी थिजले. हातातली छडी वरच राहिली. आणि छडी खाली आली नाही म्हणून बापूने मला सोडलं नाही. बाकीची वाद्यं गप्प झाली होती, मी एकटा षड्ज धरून होतो. बापूचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा टरारल्या. गालात हवा, नाकाने श्वास, गालात हवा, नाकाने श्वास. तो माझ्यासाठी भांडत होता. माझे हंडे होऊ नयेत म्हणून तो थांबत नाही, असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

उमाशंकरबुवांनी एक चप्पल पायात घातली होती. ते थबकले, त्यांनी कान दिला आणि मागे वळून म्हणाले, "अहो, सूर चालू आहे. सूर चालू असताना उठतात का? बसा."

म्हाताऱ्या गवयाचा शब्द. पुढचे बसले, त्यांना बघून मागचे बसले. फाटकापर्यंत गेलेले परत आले. मग कुठे मास्तरांना कंठ फुटला. ते लोकांकडे वळून म्हणाले, "भैरवी आधी घेतली, ही माझी चूक झाली. आमचं गाणं अजून बाकी आहे. सगळं झालं की भैरवी पुन्हा वाजवू."

"अवश्य वाजवा," बुवा म्हणाले. "आजवर तुमच्यासमोरून आम्ही वाटेल तेव्हा उठून गेलो. आज मैफल वाटली म्हणून भैरवीला उठलो."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी छडी खाली केली, बापूने श्वास घेतला आणि पदं सुरू झाली. लोकांनी ताल धरला. यमनाला बुवांची मान डोलली. शेवटच्या मार्चला पोरं पाय आपटत नाचली, तोच मार्च ज्याला आधी कोणी विचारत नव्हतं. दिवे लागले आणि मग दिव्यांच्या उजेडात आम्ही पुन्हा भैरवी वाजवली. भैयासाहेबांनी तांबटाचं नाव पुन्हा काढलं नाही.

अक्का नंतर मास्तरांना म्हणाली, "नीळू, अरे मला विचारायचं तरी."

"तू रोज सकाळी म्हणतेस, त्यात काय विचारायचं असं वाटलं," मास्तर म्हणाले. दोघं हसत घरी गेले.

तेव्हापासून आमच्या बागेत एक रिवाज पडला. शेवटची भैरवी संपली तरी बापू माझा षड्ज धरून ठेवायचा, आणि तो थांबेपर्यंत कोणी उठायचं नाही. वर्षानुवर्षं गुरुवार असेच गेले. बुवा गेले, अक्का गेली, मास्तरांचे केस पांढरे झाले. बापूची छाती भात्यासारखी वाजायला लागली.

बापूच्या बँडमधल्या शेवटच्या गुरुवारी भैरवी संपली आणि तो नेहमीसारखा सूर धरून राहिला. पण दम पुरेना. सूर थरथरला आणि मध्येच तुटला. बापूने मान खाली घातली. बागेत कोणी हललं नाही. आणि मग पुढच्या खुर्चीतून एक म्हातारा, खरखरीत, थोडा उतरलेला आवाज आला, "सा". भैयासाहेब होते. जन्मात कधी गायले नव्हते. त्यांच्यामागे मास्तरांनी सूर लावला, मग प्रतापरावांनी, मग सगळ्या बागेने. बापूचे हात अजून माझ्याभोवती होते. माझा सूर मी पहिल्यांदाच माणसांच्या गळ्यातून ऐकला.

त्या दिवशी भैयासाहेबांनी मला बापूच्या घरी पाठवून दिलं. आता माझ्या कळा अडकल्या आहेत, पोच्याला सोबत म्हणून आणखी दोन पोचे आले आहेत. खंडेनवमीला सीताबाई, बापूची बायको, मला झेंडूची माळ घालते. बापू फुंकत नाही, पण गुरुवारी संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसतो आणि बागेतून वाऱ्यावर येईल तेवढं आम्ही दोघं ऐकतो.

माझी कोणाबद्दल तक्रार नाही. ज्याने पोचा पुसला, ज्याने मला तंबोरा केलं, ज्याने चप्पल घालता घालता कान दिला, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुमच्याकडे मागणं एवढंच. कधी बागेत बँड ऐकायला बसलात, तर भैरवी झाली म्हणून घाईने उठू नका. मागच्या रांगेत कोणीतरी अजून सूर धरून बसलेला असेल. त्याचा श्वास संपू द्या, आणि मधेच तुटला, तर तेवढा तुम्ही धरा.