तिसऱ्या गल्लीची वेळ

शटरवर खळीने चिकटवलेला कागद काकासाहेब नखाने खरवडत होता. वरचा अर्धा भाग सहज हातात आला, खालचा मात्र पत्र्याला धरून बसला. ओला केल्याशिवाय तो निघणार नव्हता, आणि नळ येऊन आज सातवा दिवस होता. कागद काढायला तांब्याभर पाणी मागितलं असतं तर उषाने विचारलं असतं, मग लावलाच कशाला होता. बायकोच्या तोंडून हा प्रश्न ऐकायचा नव्हता, म्हणून तो नख मारत राहिला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काकासाहेब, कामात हाय का?"

आवाज ओळखायला मागे वळावं लागलं नाही. काकासाहेबने हातातला अर्धा कागद चुरगळून खिशात कोंबला आणि तो उरलेल्या अर्ध्याला पाठ लावून उभा राहिला.

"या कडूबाभाऊ. काम कसलं, शटर साफ करून राह्यलो."

कडूबा पन्नाशीचा. अकरा वर्षं नगरपालिकेच्या ठेकेदाराच्या हाताखाली गोदाम कॉलनीला पाणी सोडायचं काम त्याच्याकडे होतं. व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो यायचा, त्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. आज चावी नव्हती, पण खांदा तसाच होता.

दारात त्याने चपला काढल्या. काकासाहेबच्या सायबर कॅफेत कुणीच चपला काढत नसे. एमआयडीसीतून सुटलेले कामगार रोलिंग मिलची काळी धूळ पायाला घेऊन सरळ आत शिरत. कडूबाला हे दहादा सांगून झालं होतं, आणि दर वेळी तो "न्हाई, मशिनी हायेत" म्हणून अनवाणीच आत यायचा.

"अर्ज टाइप करून पायजे होता," खुर्चीच्या कडेवर टेकत तो म्हणाला. "ठेकेदार म्हन्ला, तुझं काय म्हननं आसंल ते लेखी दे. मंग बघू."

"कामावरून काढलं म्हणतेत, खरं का?"

हे विचारताना काकासाहेबला स्वतःची लाज वाटली. ही गोष्ट कालपासून सगळ्या कॉलनीला माहीत होती, आणि त्याला तर सगळ्यांच्या आधी.

"चावी जमा कर म्हन्ला. इंटरनेटवर आलंय म्हने, मी एका गल्लीला जास्त पानी देतो. कागद दाखवला मला. दुरूनच."

इंटरनेटवर आलं होतं, म्हणजे ते काकासाहेबनेच आणलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, २००५ साली, त्याने कॉलनीच्या बातम्यांचं एक पान इंटरनेटवर सुरू केलं. बियाण्याच्या जुन्या गोदामामागे तीन गल्ल्या, दीडशे घरं. पेपरात या वस्तीचं नाव यायचं ते फक्त चोरी झाली तर. आपल्या वस्तीची बातमी आपणच द्यायची, अशी त्याची कल्पना. शिवाय हसनाबादची शेती भावावर सोडून कॉम्प्युटरच्या नादी लागलेल्या माणसाला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्याने वाढदिवस टाकले, दहावीचे निकाल टाकले, गणपतीचे फोटो टाकले, एका निवृत्त मास्तरांच्या कविता टाकल्या. पान किती वेळा उघडलं गेलं हे सांगणारा आकडा तळाशी असायचा. तो दिवसाला चौदावर जायचा, आणि त्यातले नऊ काकासाहेब स्वतः असायचा.

पान चाललं ते कडूबामुळे. नळ आठवड्याने यायचा, पण नेमका कधी ते कुणालाच कळायचं नाही, आणि बायका त्यापायी दिवसच्या दिवस घर सोडत नसत. एकदा चहा पिताना काकासाहेबने वेळ विचारली आणि कडूबाने मिस कॉलची तोड काढली. टाकीवरून निघताना एक. मग प्रत्येक गल्लीचा व्हॉल्व्ह उघडताना एक, बंद करताना एक. खर्च कुणालाच नाही. काकासाहेब वेळा वहीत टिपायचा, पानावर टाकायचा, आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांच्यासाठी छापून शटरवर चिकटवायचा. महिनाभरात आकडा दीडशेच्या घरात गेला. नवीन जालन्यातल्या बँकांतून, बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांतून लोक पान बघून घरी फोन करू लागले. पहिल्या गल्लीतल्या तुळजाबाईंना तर आपल्या दारचा नळ येणार असल्याचं पुण्याचा मुलगा कळवायचा, आणि त्या हे कौतुक चारचौघींत सांगत फिरायच्या.

पण आकडा दीडशेवर अडला तो अडलाच. काकासाहेबला त्याची चटक लागली होती. सकाळी दात घासायच्या आधी तो आकडा बघायचा. अशातच मागच्या आठवड्यात वही चाळताना त्याला दिसलं की पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह पन्नास मिनिटं उघडा असतो आणि तिसऱ्या गल्लीचा पंच्याण्णव. त्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले, खाली एकच शब्द लिहिला, "का?", पान चढवून दिलं आणि छापून शटरवरही चिकटवलं.

आकडे खरे होते. उत्तरही त्याला माहीत होतं. तिसरी गल्ली चढावर आहे. एका सकाळी व्हॉल्व्ह उघडून कडूबाने त्याला आपल्या अंगणात नेलं होतं आणि नळाखाली हात धरायला लावला होता. चाळीस मिनिटं नुसती हवा फुसफुसत होती, मग पाण्याची धार आली. म्हणजे तिथे पाणी पडायचं ते जेमतेम पंचावन्न मिनिटं, इतरांइतकंच. पण हे लिहिलं असतं तर बातमीच उरली नसती, म्हणून त्याने ते लिहिलं नाही. तिसऱ्या गल्लीत बहुतेक घरं बौद्धांची, आणि त्यातलंच एक कडूबाचं. पहिल्या गल्लीतली माणसं त्या "का"चं उत्तर मनातल्या मनात काय देतील, हे पहिल्या गल्लीत राहणाऱ्या काकासाहेबला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी आकडा सहाशे चाळीस झाला. तिसऱ्या दिवशी बियाणे कंपनीतून निवृत्त झालेले अण्णासाहेब आले, "बरं उघडकीला आणलंस" म्हणून त्यांनी पाठ थोपटली, पानाच्या तीन प्रती छापून घेतल्या आणि तसेच ठेकेदाराकडे गेले.

"सांगा," कीबोर्ड पुढे ओढत काकासाहेब म्हणाला. "काय लिहू?"

"लिव्हा. मी अकरा वर्सं झाली पानी सोडून राह्यलो. एक दिस खाडा न्हाई. माय वारली तवा बी आधी व्हॉल्व्ह खोलला, समद्या गल्ल्यांचं पानी झाल्यावर चावी ठिवली, आन् मंग मातीला गेल्तो."

काकासाहेबने लिहिलं. तो दिवस त्याला आठवत होता. त्या दिवशीचे मिस कॉल बरोबर वेळेवर आले होते, आणि कडूबाची आई गेल्याचं त्याला दोन दिवसांनी कळलं होतं. पानावर त्याने तीही बातमी दिली नव्हती.

"फुडचं तुमीच लिव्हा," कडूबा म्हणाला. "तुमाला बराबर लिव्हता येतं."

तिसरी गल्ली चढावर असल्याने तेथील नळांना पाणी पोहोचण्यास चाळीस मिनिटे लागतात. हे वाक्य काकासाहेबच्या हातून एका दमात उतरलं. मागच्या आठवड्यातही ते एका दमातच उतरलं असतं.

"आन् त्याला तुमची वही जोडा."

"कोणती वही?"

"मिस कॉलची. कोन्त्या दिसाला कवा खोलला, कवा बंद केला, समदं हाय ना तिच्यात. दोन वर्सांत एकडाव बी टाइम चुकला न्हाई, हे त्याला दिसू द्या. मंग काय बोलंल तो?"

काकासाहेबचा हात टेबलाच्या ड्रॉवरकडे गेला आणि मधेच थांबला. वही तिथेच होती. तिच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर पंच्याण्णवच्या भोवती त्याने लाल पेनाने गोल केला होता.

"वही घरी राहिली," तो म्हणाला.

कडूबाने ड्रॉवरकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पंख्याकडे.

"काकासाहेब," मग तो म्हणाला, "मिस कॉल मी तुमाला सोडून दुसऱ्या कुनालाच दिला न्हाई."

पंखा फिरत होता. काकासाहेबला मान वर करवेना. कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्याने उलट चार शब्द ऐकवले असते, आकडे खरे आहेत म्हणून भांडला असता. इथे भांडायला समोर कुणी नव्हतंच.

"तुम्हाला कवा कळलं?"

"कागद दुरून दाखवला तरी आकडा मोठा व्हता की. पंच्यान्नव. येवढं बराबर मिन्टं दुसऱ्या कुनाला म्हाईत आसनार?"

"मंग अर्जाला माझ्याकडंच कसं काय आले?"

कडूबाने खरोखरच विचार केला.

"दुसऱ्याकडं गेलो आस्तो तर त्याला चढ कुठं हाय इथपासून सांगावं लागलं आस्तं," तो म्हणाला. "तुमाला म्हाईत हाय."

"माझं चुकलं, कडूबाभाऊ."

"अर्ज छापा. ठेकेदार पाचला निघून जातो."

छापलेला अर्ज त्याने उभ्याने, ओठ हलवत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला आणि खाली सावकाश सही केली. काकासाहेबने ड्रॉवर उघडून वही काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. वही घरून इतक्या लवकर कशी आली, असं कडूबाने विचारलं नाही. त्याने ती उघडली, लाल गोलाचं पान पाहिलं आणि परत मिटली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "ही नेली तर त्यो म्हनंल, तूच बाहेर सांगत व्हता." अर्ज घडी करून त्याने खिशात ठेवला, चपला घातल्या आणि गेला. जाताना शटरवर उरलेल्या अर्ध्या कागदापाशी तो थांबला नाही, पण त्याने तो पाहिला.

नळ आला तो गुरुवारी, दीड दिवस उशिरा. ठेकेदाराने अर्जावर "बघू" एवढंच म्हटलं होतं आणि चावी एका नव्या माणसाकडे दिली होती. टाकीवरून मिस कॉल आला नाही. बुधवारपासून बँकांतून, ऑफिसांतून फोन मात्र येत राहिले, पानावर वेळ का नाही म्हणून. गुरुवारी सकाळी साडेसातला पहिल्या गल्लीचा नळ अचानक सुरू झाला तेव्हा काकासाहेबने आयुष्यात पहिल्यांदा शर्ट न घालता ड्रम सरकवले. पन्नास मिनिटांत घरातली सगळी भांडी भरली. उषाने उरलेल्या पाण्याने ओटा धुतला आणि वर अंगणात सडाही टाकला.

नवा माणूस तिन्ही गल्ल्यांना पन्नास पन्नास मिनिटं देणार होता. अण्णासाहेब कोपऱ्यावर दोघातिघांना तेच सांगत होते, आता सगळ्यांना समान. नऊ वाजून दहा मिनिटांनी नवा माणूस चावी घेऊन तिसऱ्या गल्लीकडे वळताना काकासाहेबला दुकानातून दिसला.

नऊ एक्कावन्नला मोबाइल एकदा वाजून थांबला. कडूबाचा नंबर होता. काकासाहेबला आधी उमगेना, व्हॉल्व्ह तर आता त्याच्या हातात नव्हता. तो मोबाइलकडे बघत बसला. दहा वाजता मोबाइल पुन्हा एकदा वाजला आणि थांबला. तेव्हा त्याला कळलं, कडूबा आपल्या अंगणात नळापाशी उभा आहे. पहिला कॉल नळाला पाणी आल्याचा होता, दुसरा गेल्याचा.

त्याने दोन्ही वेळा वहीत लिहिल्या. वजाबाकी करायला कागदाची गरज नव्हती. मग त्याने पान उघडलं आणि टाइप केलं : तिसरी गल्ली, नऊ मिनिटे. या वेळी त्याने खाली "का?" लिहिलं नाही. चढ लिहिला, चाळीस मिनिटं लिहिली, पंचावन्न लिहिली. त्याने आणखी तीन ओळी लिहिल्या : आजची वेळ कडूबा यांनी कळवली. गेली दोन वर्षे या पानावरच्या सगळ्या वेळा त्यांनीच कळवल्या, ज्यावरून त्यांचे काम गेले ती पंच्याण्णव मिनिटेसुद्धा. त्यामागचे कारण मला माहीत होते, मी ते लिहिले नाही. खाली त्याने आपलं पूर्ण नाव टाकलं.

तळाशी आकडा किती झाला ते न बघता तो कागद छापून बाहेर आला. नव्या कागदाच्या आशेने अण्णासाहेब चष्मा लावून शटरपाशी येऊन उभे होतेच. काकासाहेबने जुन्या अर्ध्या कागदावर खळ फासली, त्यावरच नवा कागद चिकटवला आणि चारही कोपरे अंगठ्याने दाबले. एरवी कागद लावला की तो लगेच आत जायचा. आज अण्णासाहेबांचं वाचून होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.