कचेरीचा दगड

ओसरीच्या कडेचा दगड बिरूनं पटक्याच्या सोग्यानं झाडला आणि जेसीबीकडं पाठ करून तो त्यावर बसला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. म्हातारा हलेना. छप्पर कालच उतरलं होतं, भिंती आज जायच्या होत्या, आणि हा गडी दर बाजारी बसावं तसा बहिणीची वाट बघत बसला होता.

ही तालुक्याची जुनी कचेरी. निजामाच्या काळात बांधली तेव्हा कमानीवर उर्दू अक्षरं कोरली, पोलीस ॲक्शननंतर त्यांच्यावर चुना फासला. तरी पावसाळा झाला की अक्षरं चुन्याखालून डोकं वर काढायचीच. सरकारं बदलली, आतली टेबलं बदलली, पण ओसरीत घटकाभर टेकायचा लोकांचा हक्क कुणी काढून घेतला नाही. आता गावाबाहेर नवी इमारत झाली. तिथं काचेचं दार, आणि दारात उभा असलेला माणूस काय काम म्हणून विचारतो. बहीणभाऊ बसायला आलेत, हे काय काम झालं?

बहिणीचं नाव म्हाळसाबाई. लेकानं भरीला घातलं म्हणून तिनं बापाच्या रानात हिस्सा मागितला. नोटीस आली त्या दिवशी बिरूचं डोकं फिरलं. बिरोबाच्या देवळात जाऊन चारचौघांदेखत त्यानं देवापुढची हळद, भंडारा उचलून शपथ घेतली: तिच्या जागेत पाय ठेवीन किंवा तिला माझ्या जागेत ठेवू देईन, तर दोन्ही घरांचं वाटोळं होऊ दे. राग आठवड्यात उतरला. पण उचललेला भंडारा परत खाली ठेवता येत नाही, हे धनगराच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही.

मग राहिली कचेरी. ती ना त्याची, ना तिची, सरकारची. तारखेला दोघं याच दगडावर बसायची. पुकारा झाला की वादी आणि प्रतिवादी होऊन आत जायची, आणि बाहेर येऊन एकाच फडक्यावर धपाटी खायची. वकिलांची हसून पुरेवाट व्हायची. पुढं दावा निकाली निघाला, तिला तिचा हिस्सा मिळाला, तरी बाजारचा दिवस काही दोघांनी सोडला नाही.

आज मात्र म्हाळसाबाईऐवजी तिची नात आली. अक्षदा, बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. रिक्षातून उतरताना तिनं कमरेला हात लावला. आज्जीनं अंथरूण धरलंय, अन्न सुटलंय, डॉक्टर म्हणतात जागेवरून हलवू नका, असं तिनं धापा टाकत सांगितलं.

“आज्जीनं बोलावलंय, आजोबा. म्हणली, भंडाऱ्याचं काय व्हायचं ते माझ्या माथी. रिक्षा उभी हाय, चला.”

बिरू उठला, रिक्षापर्यंत गेला आणि थांबला. पोरीच्या पोटाकडं त्याची नजर गेली. म्हाळसा म्हणेल माझ्या माथी, पण देव काय तिला विचारून माथं निवडणार होता? दोन्ही घरं म्हणून हा स्वतःच्या तोंडानं बोलून बसला होता. त्या दिवशी जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तसं वाटायची ही काही पहिली वेळ नव्हती.

मग त्यानं वळून दगडाकडं पाहिलं.

“तू हो म्होरं,” तो म्हणाला. “म्या ह्यो दगड घिऊन येतो. तिच्या खाटंजवळ टाकू, अन् मला उचलून त्याच्यावर बसवा. सरकारचा दगड हाय. मग पाय तुमच्या जागंत पडत न्हाय.”

अक्षदानं लई विनवलं. दगडाचं मागनं बघू, आधी चला, म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. तिच्याच पोटातल्या जिवाची काळजी होती, ती तिला कोणत्या तोंडानं सांगायची? रिक्षा एकटीच गेली.

घडीव दगड कुणाच्या तरी फार्महाउससाठी आधीच ठरले होते. एक द्यायचा तरी मालकाला विचारायला हवं होतं, आणि मालक फोन उचलेना. बिरूनं मुकादमापुढं हात जोडले, पाया पडायला वाकला. जेवणवेळ टळल्यावर मालकानं फोन घेतला आणि एका दगडाचं एवढं काय म्हणून हसला. मग तो उखडायचा, तर पहारीला दाद देईना. निघाला तर गड्यांना उचलेना. शेवटी बहिणीच्या गावावरून ढोकीला रिकामा निघालेला एक ट्रॅक्टर मिळाला.

ट्रॉलीत बिरू दगडाला धरूनच बसला. म्हाळसा बघेल आणि म्हणेल, दादा, आख्खं सरकारच उचलून आणलं व्हय? त्या विचारानं त्याला हसूही आलं.

बहिणीच्या गावाच्या वेशीजवळ ट्रॅक्टर थांबला. समोरून माणसं येत होती. पुढं हातात मडकं धरलेला म्हाळसाबाईचा लेक होता. बिरूला काही विचारावं लागलं नाही. वेशीपर्यंत आलेल्या बायकांतून अक्षदा ट्रॉलीजवळ आली.

“दुपारपातूर दाराकडं बघत हुती,” एवढंच ती म्हणाली.

बिरूच्या छातीतून हुंदका फुटला. बहिणीला आपणच ताटकळत ठेवलं, हे त्याला कळून चुकलं. रस्ता सरकारी होता आणि पुढचा मसणवटा गावकीचा; कुणाच्या जागेत पाय पडायचं भय आता उरलं नव्हतं. तो खाली उतरला, पुढच्या माणसाला हातानं बाजूला केलं आणि बहिणीला खांदा दिला.